कंट्रोलच्या कापडापासून 999 च्या शर्टापर्यंत



आजचा विषय पाहून काहींना वाटेल, हा निवृत्त फौजी कपड्यांच्या दुकानात कसा शिरला? पण गणवेशात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अंगावरचा कपडा तुमच्याआधी बोलतो. पलटणीत सगळ्यांचा गणवेश सारखा असतो, तो केवळ शिस्तीसाठी नाही. कोण कुठल्या घरातून आला, हे कपड्यावरून कळू नये, हाही त्याचा एक अर्थ असतो.

गावात आणि बाजारात मात्र शेकडो वर्षे याच्या उलट चालले. कपड्यावरून जात कळलीच पाहिजे, असा तिथला नियम होता. त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना ऊर्ध्वांग झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशके झगडावे लागले. 1859 मध्ये संस्थानाने तो हक्क मान्य केला, पण वरच्या जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही, ही अट ठेवूनच. आपल्याकडे महाडला डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले, की ज्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते, ते सोडून द्या. पाण्याच्या हक्काच्या लढ्यात लुगड्याचा विषय का निघाला, याचे उत्तर त्रावणकोरच्या त्या अटीत आहे.

म्हणून आज इंदूर, बेळगाव, वारंगळ, रायपूर अशा कुठल्याही शहरात घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी आणि बँकेतल्या साहेबांची मुलगी एकाच दुकानातून एकच कुर्ती घेऊन बाहेर पडतात, तेव्हा मला ती किरकोळ गोष्ट वाटत नाही. ती आपल्या इतिहासातली मोठी घटना आहे. आज ती कशी घडली ते पाहू. प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारू. कपडा स्वस्त कशामुळे झाला? आणि जे पैसे आपण दिले नाहीत, ते कोणी दिले?

सुरुवात टंचाईपासून करावी लागते. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतली पहिली कापड गिरणी 1856 मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, नागपूर, कानपूर, कोईमतूर अशी गिरणगावे उभी राहिली. तरी सामान्य माणसाजवळ दोन जोड्यांपलीकडे कपडा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तर गिरण्यांच्या कापडाचा मोठा हिस्सा फौजेच्या गणवेशांकडे आणि तंबूंकडे वळला. बाजारात कापड मिळेना, मिळाले तर परवडेना. 1943 मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणले, ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचे ठरावीक भावाचे कापड विणून घेतले. ‘कंट्रोल’ हा शब्द मराठी घरात आला तो त्या काळात. 1948 च्या सुरुवातीला नियंत्रण उठवून पाहिले, तर भाव असे भडकले की त्याच वर्षी ते पुन्हा लावावे लागले.

स्वतंत्र भारताचा विचार सरळ होता. गरिबाला अंगभर कपडा मिळाला पाहिजे आणि हातमागावरच्या विणकराचे पोटही चालले पाहिजे. दोन्ही हेतू चांगले. विणकरासाठी काही प्रकारचे कापड हातमागालाच राखून ठेवले आणि 1956 च्या धोरणाने गिरण्यांना नवे माग बसवण्यावर बंधन घातले. गरिबासाठी 1964 मध्ये नियंत्रित कापडाची योजना आली. प्रत्येक गिरणीने आपल्या उत्पादनाचा ठरावीक भाग म्हणून धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल हे पाच प्रकार विणायचे आणि सरकारने बांधून दिलेल्या भावात विकायचे. छापील भावाचा शिक्का कापडावरच असायचा.

आमच्या पिढीतल्या अनेकांना ते कापड आठवत असेल. जाडेभरडे, मांजरपाटाच्या जातीचे, खळ धुऊन गेली की विरळ दिसणारे. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावांचे शर्ट आणि उरलेल्या तुकड्याची पिशवी व्हायची. रस्त्यातून चार भाऊ चालले की लोकांना लांबूनच कळायचे, हे कोणाचे.

गिरण्यांना हे कापड तोट्याचे पडे. जुनी यंत्रे, वाढता कापसाचा भाव आणि वर हा बोजा, यांत अनेक गिरण्या आजारी पडल्या. 1974 मध्ये सरकारने 103 आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. पुढे नियंत्रित कापडाची जबाबदारी मुख्यतः या सरकारी गिरण्यांवर आणि ‘जनता’ कापडाच्या रूपाने हातमागावर आली.

पण या योजनेचे खरे अपयश तोट्यात नव्हते. ज्याच्यासाठी कापड विणले, त्यालाच ते नको होते. गरिबाला स्वस्त कपडा हवा होता, पण ‘गरिबाचा कपडा’ नको होता. ज्या कापडावर तुमची ऐपत छापलेली आहे, ते कोण हौसेने घालेल? दिल्लीत बसून ठरवणाऱ्यांनी मीटर मोजले, भाव मोजला, फक्त माणसाची हौस मोजायची राहिली.

त्याला काय हवे होते? टेरीलिन.

हा धागा 1941 मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका कंपनीत व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी शोधला. 1960 च्या दशकात ठाण्याच्या कारखान्यात पॉलिएस्टरचे तंतू तयार होऊ लागले आणि ‘टेरीन’ हे नाव जाहिरातींतून घरोघरी पोहोचले. कापूस आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे टेरिकॉट आले. त्याला इस्त्री कमी लागे, रंग टिके, रात्री धुतलेला शर्ट सकाळी वाळलेला असे. सुती शर्ट वर्षात विरायचा, टेरिकॉटचा चार वर्षे चालायचा. ज्याच्याकडे दोनच शर्ट आहेत, त्याला या गुणांचे मोल जास्त. तरीही सरकारच्या हिशेबात सुती म्हणजे गरिबाचे आणि कृत्रिम धाग्याचे म्हणजे श्रीमंताची चैन. त्यामुळे या धाग्यावर जबर उत्पादन शुल्क. टिकाऊ म्हणून जे गरिबाला सर्वांत फायद्याचे, तेच करामुळे त्याच्या हाताबाहेर.

हा हिशेब बदलला जून 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. सुती आणि कृत्रिम धाग्यांतली भिंत कमी करायची, आणि चांगल्या प्रतीचे कापड वाजवी भावात लोकांना देणे हे मुख्य उद्दिष्ट मानायचे. त्यानंतर कृत्रिम धाग्यावरचा कर टप्प्याटप्प्याने उतरत गेला. त्याच सुमारास देशात हा धागा मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला होता. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना 1982 मध्ये सुरू झाला होता. नरोड्याच्या गिरणीतून ‘विमल’ नावाने निघालेले त्यांचे कापड आधीच गाजत होते. कर उतरला, उत्पादन वाढले आणि भाव खाली आला. सुरतेच्या छापील साड्या शेतावर काम करणाऱ्या बाईच्या अंगावर दिसू लागल्या. हलक्या, लवकर वाळणाऱ्या आणि हव्या त्या रंगाच्या. त्या तिला कुणी नेमून दिल्या नव्हत्या. तिने दुकानात दहा घड्या मोडायला लावून निवडल्या होत्या.

इथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कपडा स्वस्त झाला तो कर उतरल्यामुळे आणि यंत्र मोठे झाल्यामुळे. यात कोणाच्या तोंडचा घास काढावा लागला नाही. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण धाग्याचे कापड व्हायला माग लागतो.

यंत्रमागाचा इतिहास आपल्या घरचा आहे. 1904 मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे भिवंडी, मालेगाव आणि सुरत ही यंत्रमागांची मोठी ठाणी बनली. गिरण्यांना नवे माग बसवायला बंदी, हातमागाला संरक्षण, आणि या दोहोंच्या मध्ये यंत्रमाग. गिरणीने मोडीत काढलेला माग विकत घ्यायचा, पत्र्याच्या शेडमध्ये बसवायचा आणि विजेवर चालवायचा. कर कमी, कामगार कायदे कागदावर. गिरणीशी स्पर्धा करायला आणखी काय हवे?

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो का फसला यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयापुरते एक कारण पाहू. संप चालू असताना बाजारात कापड आटले नाही. यंत्रमागांवरून ते येतच राहिले. पुढे अनेक गिरण्या नीट सुरू झाल्याच नाहीत. गिरणी कामगाराला पगार होता, भविष्य निर्वाह निधी होता, आजारपणात विम्याचा दवाखाना होता. यंत्रमागावर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, ओडिशा इथून आलेला कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत, विणलेल्या कापडाच्या मापाने मजुरी घेत उभा राहिला. आज देशातले निम्म्याहून जास्त कापड यंत्रमागावर विणले जाते. कापड स्वस्त झाले त्याचा एक भाग यंत्राचा, आणि एक भाग या माणसाला न मिळालेल्या निधीचा, सुटीचा आणि औषधाचा. दुसऱ्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे.

कापड स्वस्त झाले तरी कपडा स्वस्त होत नाही. त्याला शिवावे लागते. आपल्याकडे शिंपी माप घेई, दोन खेपा मारायला लावी आणि सणाच्या आदल्या रात्री शर्ट हातात ठेवी. तयार कपडे पसरायला प्रमाणित मापे लागतात आणि ती जगाला फौजेने दिली. अमेरिकेत 1861 ते 1865 या यादवी युद्धात लाखो सैनिकांना घाईने गणवेश हवे होते. त्यांची मापे घेताना ध्यानात आले की माणसांच्या छाती-कमरेच्या मापांचे मोजके गट पडतात. छत्तीस, अडतीस, चाळीस ही भाषा तिथून बाजारात आली. गंमत म्हणजे याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाने हे शहर वाढले.

भारतात तयार कपडे उशिरा पसरले, यालाही एक कारण धोरणाचे होते. कपडे शिवण्याचा उद्योग लघुउद्योगांसाठी राखीव होता. शिंप्याचा आणि छोट्या कारखानदाराचा रोजगार वाचावा, हा हेतू. पण शंभर यंत्रांची शिस्तीने चालणारी रांग लावायला त्यात वाव नव्हता. एका शर्टाचे पंचवीस-तीस तुकड्यांत काम वाटायचे, एकाने कॉलर, दुसऱ्याने बाही, तिसऱ्याने काज, असे केले की शिलाईचा खर्च पडतो. ती पद्धत भारतात मोठ्या प्रमाणावर नांदायला वेळ लागला. 2000 च्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग धोरणाने तयार कपड्यांचे हे कुंपण काढायला सुरुवात केली.

मधल्या काळातला एक प्रयोग मला फार आवडतो. 1995 मध्ये अहमदाबादच्या अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ नावाचे पाकीट बाजारात आणले. त्यात जीन्सचे कापड, झिप, रिव्हेट, बटण आणि लेबल. किंमत 195 रुपये. पाकीट विकत घ्या, गावच्या शिंप्याकडे द्या, तुमच्या मापाची जीन्स तयार. त्यासाठी शिंप्यांना प्रशिक्षणही दिले. ब्रँडची जीन्स शहरी श्रीमंतांची, ही समजूत त्या पाकिटाने मोडली. शिंप्याचा रोजगार न घालवता कपडा स्वस्त करता येतो, हेही त्याने दाखवले.

दुसरीकडे परदेशासाठी शिवलेल्या कपड्यांचा ओघ शहरांत येऊ लागला होता. 1974 पासून 2004 च्या अखेरीपर्यंत कापड-कपड्यांच्या जागतिक व्यापारावर देशवार कोट्याची बंधने होती. निर्यातीसाठी शिवलेल्या मालात रंगाचा फरक पडला, टाका चुकला किंवा मागणी रद्द झाली, की तो माल दिल्लीच्या सरोजिनी नगरला आणि मुंबईच्या आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटला येई. लेबल कापलेले, पण कट लंडन-न्यूयॉर्कचा. कॉलेजातल्या मुलामुलींनी घासाघीस करत जगाची फॅशन अंगावर चढवली ती इथे.

हा माल शिवणाऱ्या शहरांत तामिळनाडूचे तिरुप्पूर पुढे होते. एकेकाळी बनियनसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव 1980 च्या दशकापासून टी-शर्टच्या निर्यातीची राजधानी झाले. भांडवल शेतकरी कुटुंबांतून आले आणि कष्टही तिथलेच. त्याचे कौतुक केले पाहिजे. पण कापड रंगवायला पाणी लागते. रंगाईचे खारे, रसायनांचे पाणी नोय्यल नदीत गेले. पुढच्या ओरत्तुपाळयम धरणात ते साचले आणि ज्या शेतीसाठी धरण बांधले, तिलाच ते विष झाले. अखेर जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर थेंबभरही सांडपाणी बाहेर न सोडता ते शुद्ध करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा बसवून कारखाने सुरू झाले. खर्च वाढला, पण तिरुप्पूर बुडाले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचे काम पडणार आहे.

त्याच राज्यातल्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची पद्धत चाले. गरीब घरच्या मुलींना तीन वर्षे वसतिगृहात ठेवून राबवायचे आणि शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे द्यायचे. मध्येच आजारी पडून घरी गेली, तर रकमेवर पाणी. मंगल नाव ठेवल्याने काम मंगल होत नाही.

आता शेवटचा टप्पा, दुकान. 1997 मध्ये कोलकात्यात पँटालून्सचे पहिले मोठे दालन उघडले, 1998 मध्ये टाटांच्या ट्रेंटचे वेस्टसाइड आले, 2001 मध्ये बिग बझार. मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. जिथे आजोबांनी कापड विणले, तिथे नातू कपडे घ्यायला येऊ लागला. 2016 पासून ट्रेंटनेच ‘झुडिओ’ नावाची दुकाने काढली. आज ती सातशेहून जास्त आहेत आणि त्यांतली पुष्कळशी मध्यम शहरांत. बहुतेक कपडा हजार रुपयांच्या आत. त्यांची रीत साधी आहे. माल स्वतःच्याच नावाचा, कारखान्याकडून थेट घेतलेला. जाहिरातीवर खर्च जवळजवळ नाही, घरपोच विक्री नाही, किमतीचे आकडे मोजके आणि माल भराभर बदलणारा. मधले दलाल आणि पडून राहणारा माल वाचला, तो पैसा किमतीतून कमी झाला. 999 या आकड्यामागे करही होता. 2017 च्या जीएसटीत हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 12 टक्के कर होता. सप्टेंबर 2025 मध्ये ही 5 टक्क्यांची मर्यादा 2500 रुपयांपर्यंत गेली.

या स्वस्ताईचा एक परिणाम घरातच दिसतो. पूर्वी जुना शर्ट धाकट्याला जाई, मग त्याचे फडके होई, लुगड्याची गोधडी होई आणि उरलेले बोहारीण भांड्यांच्या बदल्यात नेई. पॉलिएस्टरचे फडके पाणी टिपत नाही आणि पाच-सहा धुण्यांत उतरलेला टी-शर्ट धाकटाही घालत नाही. पानिपत म्हटले की आपल्या मनात 1761 उभे राहते. आज त्याच शहरात देशोदेशीच्या टाकाऊ कपड्यांचे ढीग येतात, त्यांतले लोकरी कपडे पिंजून त्यांच्या धाग्याची घोंगडी बनतात. तिथल्या कामगाराच्या छातीत जाणारी धूळ आपल्या पावतीवर छापलेली नसते.

मंडळी, आता हिशेब जुळवू. स्वस्ताई दोन प्रकारची असते. एक कमावलेली, एक उधारीची. चैनीचा शिक्का काढून कर उतरवला, धागा मोठ्या प्रमाणावर बनवला, शिलाईची रांग लावली, दलाल कमी केले, ही कमावलेली स्वस्ताई. तिने खेड्यातल्या मुलीच्या हातात निवड दिली. या स्वस्ताईला नावे ठेवणाऱ्यांनी कंट्रोलचे कापड एकदा अंगावर घालून पाहावे. यंत्रमाग कामगाराचा बुडालेला निधी, नोय्यलचे पाणी, सूतगिरणीतल्या मुलीची तीन वर्षे, पानिपतची धूळ, ही उधारीची स्वस्ताई. ते पैसे वाचलेले नसतात, फक्त दुसऱ्याच्या नावावर टाकलेले असतात.

दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत, असे व्यापारी सांगतात. तिरुप्पूरने ते खोटे ठरवले. न्यायालयाने उधारी बंद केली, तरी टी-शर्ट शिवले जातच आहेत आणि सामान्य माणसाला परवडतही आहेत. म्हणून ग्राहकाला दोष देऊन किंवा स्वस्त कपडा सोडून द्या असा उपदेश करून काही साधणार नाही. ज्यांच्या पूर्वजांना काय नेसायचे हे दुसऱ्यांनी सांगितले, त्यांना पुन्हा कोणी सांगू नये. कायदा, तपासणी आणि मजुरी या तीन जागी बोट ठेवावे लागेल. मागावरच्या माणसाचा निधी भरला जातो का, नदीत काय सोडले जाते आणि शिलाई करणाऱ्या बाईच्या हातात किती पडते, हे विचारायचे काम सरकारचे आहे आणि सरकारला ते विचारायला लावायचे काम आपले.

महाडला जमलेल्या स्त्रियांचा हक्क होता तो चांगल्या कपड्याचा. तो मिळायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षे लागली. आता तो शिवणाऱ्या बाईलाही त्याच दुकानातून, तिच्या घामाच्या पैशातून, तोच कपडा घेता आला पाहिजे. तोपर्यंत हा इतिहास अर्धाच आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.